शल्य, भराव आणि दैव

नव्या घराचा पाया खचला, जोते अर्धवट असतानाच भिंतीला तिरपा तडा गेला, किंवा खोदाईच्या मध्यावर कुदळीला जुन्या तळ्याचा काळा गाळ लागला, की घर बांधणाऱ्या गृहस्थापुढे दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. पहिला प्रश्न स्थापत्याचा आहे. पाया किती खोल न्यावा, कोणत्या प्रकारचा घ्यावा, झालेले काम पाडावे की सावरावे, याचे उत्तर अभियंता देतो. दुसरा प्रश्न अभियंत्याला सहसा विचारला जात नाही, तो घरातल्या वडीलधाऱ्यांत आणि पुरोहितापुढे निघतो: भूमिपूजन यथासांग झाले होते, मुहूर्त पाहिला होता, मग भूमीने भार का स्वीकारला नाही, आणि हा कोणाच्या कोणत्या कर्माचा परिपाक समजावा? या दुसऱ्या प्रश्नाला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, परंतु तसे केल्याने त्याच्या पोटातला एक खरा नैतिक प्रश्नही बाजूला पडतो. तो प्रश्न कोणत्याही शहरात विचारता येईल. मात्र कोलकात्याइतका तो क्वचितच कुठे टोकदार होतो, कारण त्या शहराची भूमीच अशी आहे की तिच्या गतकाळाचा विचार केल्यावाचून तिच्यावर काहीही निर्धास्तपणे उभारता येत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात पायाची जी कल्पना असते ती दख्खनच्या पठाराने घडवलेली आहे. वरची काळी माती काढली, मुरूम लागला आणि त्याखाली कातळ लागला, की खोदणाऱ्याला थांबता येते, आणि म्हणूनच 'पाया पक्का' या शब्दांमागे त्या वाचकाच्या मनात कुठेतरी एक न हलणारा थर गृहीत असतो. कोलकात्यात तो थर माणसाच्या आवाक्यात नाही. शहराखाली गंगेच्या त्रिभुज प्रदेशाचा गाळ कित्येक किलोमीटर जाडीचा आहे. त्यातला वरचा काही मीटरांचा भाग उन्हाने सुकून घट्ट झालेल्या तपकिरी चिकणमातीचा, त्याखाली साधारण १२ ते १५ मीटर खोलीपर्यंत करड्या रंगाची मऊ चिकणमाती आणि तिच्यात कुजलेल्या लाकडाचे अवशेष, आणि त्याहून खाली ताठ माती व वाळू अशी सामान्य रचना आढळते. फोर्ट विल्यममध्ये १८३५ ते १८४० या काळात ४८१ फूट खोल छिद्र पाडले गेले, तरी खडक लागला नाही. पुढे १८६४ च्या सुमारास सियालदह येथे तलाव खोदताना सुंदरी वृक्षांचे बुंधे जमिनीत उभेच्या उभे सापडले, तेव्हा हे स्पष्ट झाले की आजच्या सुंदरबनात जी झाडे भरती-ओहोटीच्या चिखलात उगवतात तीच झाडे एके काळी तिथे होती, आणि शहर एका बुडालेल्या अरण्यावर वसले आहे. शहराच्या दक्षिण भागात आदिगंगेच्या, म्हणजे गंगेच्या जुन्या प्रवाहाच्या, काठाने तर हा क्रमही बदलतो आणि नदीने आणून टाकलेली सैल रेती व गाळ मिळतो.

या नैसर्गिक इतिहासावर मानवी इतिहासाचा भराव पडलेला आहे, आणि त्यात मराठ्यांचाही अप्रत्यक्ष वाटा आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या तेव्हा त्यांच्या धास्तीने कोलकात्याच्या रहिवाशांनी नगराभोवती खंदक खोदायला घेतला. सुमारे सात मैलांचा हा नियोजित खंदक तीन मैल झाल्यावर थांबला, कारण ज्यांच्यासाठी तो खोदला ते तिथवर आलेच नाहीत. 'मराठा डिच' या नावाने ओळखला गेलेला हा खंदक १७९९ मध्ये सर्क्युलर रोडसाठी बराचसा बुजवण्यात आला आणि उरलेला भाग १८९३ मध्ये. बागबाजारातील एका गल्लीच्या नावात तो अजून शिल्लक आहे. विसाव्या शतकात हेच काम फार मोठ्या प्रमाणावर झाले. शहराच्या पूर्वेकडील खाऱ्या पाणथळीत हुगळीच्या पात्रातली रेती पाण्यात कालवून नळांनी आणून ओतण्याच्या योजनेचा आरंभ डॉ. बिधानचंद्र राय यांनी १९६२ मध्ये केला, आणि त्या भरावावर सॉल्ट लेक म्हणजे आजचे बिधाननगर उभे राहिले. यांखेरीज मोहल्ल्यामोहल्ल्यांतून बुजवलेल्या लहान तळ्यांचा, म्हणजे ज्याला बंगालीत 'पुकुर बोजानो' म्हणतात त्या उद्योगाचा, हिशेब वेगळाच. घरमालकाच्या हाती येणारा भूखंड वरून सपाट, कोरडा आणि निर्दोष दिसतो. त्याखाली मात्र कोणाचे तरी पाणी, कोणाचा तरी खंदक किंवा कोणाचा तरी उकिरडा असू शकतो.

भूमीला पूर्वजीवन असते, हा विचार भारतीय वास्तुपरंपरेच्या केंद्रस्थानी आहे, आणि तो तिथे भाविक अलंकार म्हणून आलेला नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वास्तुविद्येवरील अध्यायात भूमिपरीक्षा, म्हणजे बांधण्याआधी जमिनीची पारख, सांगितली आहे. हातभर खोल खड्डा खणून त्यातून निघालेली माती पुन्हा त्याच खड्ड्यात भरावी; माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर झाली तर मध्यम आणि कमी पडली तर अनिष्ट समजावी. दुसऱ्या परीक्षेत खड्डा पाण्याने भरून शंभर पावले जाऊन परत यावे आणि पाणी किती ओसरले ते पाहावे. यापुढचा विधी शल्योद्धाराचा. शल्य म्हणजे शरीरात रुतलेला बाणाचा तुकडा. वास्तुशास्त्रात त्याचा अर्थ जमिनीत राहून गेलेली हाडे, कोळसा, राख, तूस, केस, लाकूड अशी परकी द्रव्ये असा होतो, आणि ती उकरून काढल्याखेरीज घर बांधू नये असे सांगितले आहे. शल्य नेमके कुठे आहे हे ओळखण्याची जी रीत तिथे दिली आहे, ती प्रश्नकर्ता आपल्या कोणत्या अवयवाला स्पर्श करतो यावर आधारलेली असल्यामुळे ज्ञानाचे साधन म्हणून टिकत नाही. त्याचप्रमाणे मातीचे पांढरे, तांबडे, पिवळे व काळे रंग चार वर्णांना वाटून देणारा भाग तर बुद्धीला आणि न्यायाला दोहोंनाही असह्य आहे. परंतु या परंपरेचा गाभा त्या रीतीत नाही, क्रमात आहे. आधी परीक्षा, मग शल्योद्धार, मग पूजन, आणि त्यानंतर पायाभरणी, असा तो क्रम आहे. पूजेच्या आधी भूमीला प्रश्न विचारावा लागतो, आणि प्रतिकूल उत्तर आले तर ती भूमी सोडण्याची तयारी ठेवावी लागते.

आजच्या व्यवहारात हा क्रम उलटला आहे, आणि कोलकात्यातील 'भित पुजो' असो की महाराष्ट्रातील भूमिपूजन असो, दोन्हीकडे तो सारखाच उलटला आहे. भूखंड आधी विकत घेतलेला असतो, नकाशा मंजूर झालेला असतो, कर्जाचा पहिला हप्ता उचललेला असतो, आणि मग पूजा होते. म्हणजे भूमीला विचारण्यासारखे काही उरलेले नसते आणि तिने नकार दिला तर ऐकायला कोणी मोकळे नसते. परीक्षेतून मोकळी झालेली पूजा हळूहळू हमीपत्राचे रूप घेते. दक्षिणा दिली, आता भूमीने सांभाळून घ्यावे, अशी एक अव्यक्त देवघेव तिच्यात शिरते आणि पाया खचला की करार मोडल्याची भावना होते. 'मग भूमीने भार का स्वीकारला नाही' या प्रश्नातली तक्रार इथून येते.

वास्तुपुरुषाची जी कथा मत्स्यपुराणात आली आहे ती या देवघेवीला मुळीच आधार देत नाही. अंधकासुराशी लढताना शिवाच्या कपाळावरचा घामाचा थेंब जमिनीवर पडला, त्यातून एक भयंकर व अतृप्त भूत जन्मले, आणि ते त्रैलोक्य गिळायला निघाले तेव्हा देवांनी त्याला जमिनीवर दाबून धरले. ज्या देवाने त्याचा जो भाग धरला त्या भागावर तो कायमचा बसला. वास्तुमंडल म्हणजे या दाबून धरलेल्या देहावर आखलेली ६४ किंवा ८१ चौरसांची आकृती, आणि तिच्यात पंचेचाळीस देवतांची स्थाने असतात. प्राचीनांना मृदायांत्रिकी, म्हणजे मातीच्या वर्तनाचे आधुनिक शास्त्र, ठाऊक होते असे या कथेवरून म्हणणे हास्यास्पद ठरेल आणि अशा दाव्यांनी परंपरेचा मानही वाढत नाही. कथेतला विचार नैतिक आहे. घराखालचा पुरुष मारलेला नाही, तो जिवंत आहे, भुकेला आहे, आणि त्याला स्थिर ठेवण्यासाठी अनेकांनी आपापल्या जागी भार देत राहावे लागते. तो एकदा पूजा घेऊन कायमचा शांत होतो असे कथा म्हणत नाही; त्याचा वाटा त्याला पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. वास्तुशांतीकडे या दृष्टीने पाहिले तर ती हमी राहत नाही, ती भूमीच्या हक्काची कबुली होते.

ही कबुली एकदा मान्य केली की कर्मफलाचा प्रश्न अटळपणे येतो, आणि त्याची सर्वांत स्पष्ट चर्चा बंगालच्याच संदर्भात झालेली आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्या वेळी अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर असलेल्या महात्मा गांधींनी हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाचे फळ आहे असे जाहीरपणे म्हटले. कोलकात्यातील जोडासांको येथे जन्मलेल्या आणि अस्पृश्यतेच्या प्रश्नावर गांधींशी पूर्ण सहमत असलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांना हे विधान असह्य झाले, आणि त्यांचा निषेध गांधींनी आपल्या उत्तरासह १६ फेब्रुवारी १९३४ च्या 'हरिजन'मध्ये छापला. भौतिक आपत्तींची कारणे भौतिक घटनांच्या संयोगातच असतात, माणसाच्या पापांत विश्वाची रचना कोसळवण्याइतके बळ नाही, आणि ही विचारसरणी एकदा मान्य केली तर तिचा वापर गांधींच्या विरोधकांनाही तितक्याच सहजपणे करता येईल, असा रवींद्रनाथांच्या म्हणण्याचा आशय होता. गांधींचे उत्तर असे होते की भौतिक आणि नैतिक यांच्यातला संबंध सिद्ध करता आला नाही तरी त्यावरील श्रद्धेने माणूस नम्र होतो आणि आत्मशुद्धीला प्रवृत्त होतो.

भूकंपापुरते पाहिले तर रवींद्रनाथांचे म्हणणे निर्विवाद आहे. ज्यांचे घर पडले तेच पापी, असे म्हणण्यातली क्रूरता त्यांनी ओळखली होती, आणि अस्पृश्यतेचा सर्वाधिक जाच सोसणारेच त्या भूकंपात दगावले नसतील असे मानायला काहीही आधार नव्हता. परंतु कोलकात्याच्या मऊ मातीत खचणाऱ्या पायाकडे वळले की एक महत्त्वाचा फरक दिसतो, आणि त्या फरकावर या लेखाचे प्रतिपादन उभे आहे. भूकंपाचे कारण माणसाच्या हाती नसते. बुजवलेल्या तळ्यावरच्या घराच्या तड्याचे कारण मात्र पायरीपायरीने माणसाच्या कृतीपर्यंत नेता येते. कोणीतरी तळे विकले, कोणीतरी रात्री मातीचे ट्रक ओतले, कोणीतरी ते पाहून न पाहिल्यासारखे केले, कोणीतरी माती परीक्षणाचा खर्च वाचवला आणि शेजारच्या भूखंडाचा अहवाल आपला म्हणून जोडला. येथे पाप आणि तडा यांच्यात कोणताही चमत्कार मानावा लागत नाही. कृतीचे नैतिक दूषण आणि तिचा भौतिक परिणाम एकाच साखळीचे दोन भाग असतात, आणि त्यामुळे भूमीच्या अपयशात नैतिक अर्थ शोधण्याची गांधींची प्रेरणा, जी भूकंपाच्या बाबतीत भरकटली होती, ती येथे रवींद्रनाथांच्या कसोटीला उतरूनच खरी ठरते.

ही साखळी सहज दिसत नाही, याचे कारण चिकणमातीचा काळ मानवी हिशेबाहून मोठा असतो. मऊ चिकणमातीच्या कणांमध्ये पाणी भरलेले असते, आणि वर भार आला की तो प्रथम या पाण्यावर पडतो; मग ओले फडके पिळल्यावर हळूहळू निथळावे तसे ते पाणी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, बाहेर पडत राहते आणि तितक्या प्रमाणात माती दबते. या क्रियेला दृढीकरण म्हणतात, आणि तिचे गणित कार्ल तेर्झागी यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. भरावाच्या जमिनीत याची आणखी एक कठीण बाजू असते: भरावाच्या ओझ्याने खालची माती दबत असताना ती तिच्यातून जाणाऱ्या पाइलला, म्हणजे खोल रोवलेल्या काँक्रीटच्या स्तंभाला, आधार देण्याऐवजी स्वतःबरोबर खाली ओढू लागते. त्यामुळे तळे बुजवणारा पैसे घेऊन निघून गेलेला असतो, घर हस्तांतरित झालेले असते, वास्तुशांतीचे फोटो भिंतीवर लागलेले असतात, आणि मग केव्हातरी दारे चौकटीत अडकू लागतात.

कृती आता आणि फळ नंतर, मधल्या काळात काहीच दिसत नाही, या अडचणीवर वैदिक यज्ञकर्माचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी फार पूर्वी विचार केला होता. यज्ञ आज संपतो आणि त्याचे फळ कालांतराने मिळते, तर दोहोंना जोडणारे काय, या प्रश्नाला त्यांनी 'अपूर्व' हे उत्तर दिले. अपूर्व म्हणजे कृतीतून निर्माण होणारी, फळ मिळेपर्यंत टिकणारी अदृश्य शक्ती. मातीतला दाब हे अपूर्व नव्हे, तो मोजता येतो. परंतु ज्या समाजाला अदृश्य आणि विलंबित फलाची कल्पना शतकानुशतके परिचयाची आहे, त्या समाजाला दहा वर्षांनी दिसणाऱ्या दोषाची जबाबदारी आजच घ्यायला सांगणे अवघड वाटू नये. प्रत्यक्षात मात्र याच कल्पनेचा उपयोग जबाबदारी टाळण्यासाठी होतो, आणि तडा गेला की 'दैव' हा शब्द पुढे येतो. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध व्यापार आणि दैव. या क्रमात दैव पाचवे आहे. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा एकत्र विचार केला, तो याच हेतूने की कर्माच्या नियमाने माणसाचे कर्तेपण पुसले जाऊ नये. ज्याने आधार तपासला नाही, कर्त्याची पात्रता पाहिली नाही, साधनांत काटकसर केली आणि व्यापारावर देखरेख ठेवली नाही, त्याला पाचव्या कारणाचा आश्रय घेण्याचा अधिकार गीता देत नाही.

याउलट, ज्यांनी यांपैकी काहीही केलेले नाही त्यांच्यावर घर कोसळते तेव्हा काय म्हणावे, हा याहून कठीण प्रश्न आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बहुबाजार भागात मेट्रोचा भुयारी मार्ग खोदणारे 'चंडी' नावाचे यंत्र भूमिगत पाण्याच्या थराला लागले, पाणी आणि गाळ भुयारात घुसला, वरची जमीन खचली, आणि दुर्गा पितुरी लेन व स्याकरापाडा लेन या सोनारांच्या जुन्या वस्तीतील घरे भंगली, काही पडली. शेकडो माणसांना तासाभराच्या सूचनेवर अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडावे लागले. ११ मे २०२२ रोजी त्याच गल्लीत आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मदन दत्त लेनमध्ये पुन्हा तडे गेले. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सियालदह ते एस्प्लनेड हा टप्पा सुरू झाला आणि शहराला फार मोठी सोय झाली, हे खरे; परंतु त्या सोयीचा भार ज्यांच्या पायांवर पडला त्यांनी कोणतेही तळे बुजवले नव्हते. भारतीय तत्त्वज्ञानात कर्मसिद्धांताच्या बाजूने एक युक्तिवाद वारंवार केला जातो: कर्मफलाचा नियम मानला नाही तर 'कृतनाश' म्हणजे केलेल्याचे फळ बुडणे, आणि 'अकृताभ्यागम' म्हणजे न केलेल्याचे फळ पदरी येणे, हे दोन दोष येतात. मऊ मातीच्या शहरात अकृताभ्यागम हा तर्कातला दोष राहत नाही, तो नित्याचा अनुभव आहे. उंच इमारतीचा भार तिच्या सीमारेषेवर थांबत नाही, तो मातीत पसरत शेजाऱ्याच्या उथळ विटांच्या पायाखाली जातो. तळघर खोदताना पाणी उपसले तर पलीकडच्या भूखंडाखालचीही पाण्याची पातळी उतरते आणि तिथली माती बसते. हावड्याच्या नव्या पुलाच्या पायांसाठी प्रचंड कैसन, म्हणजे तळ उघडा असलेल्या पोकळ पेट्या, जमिनीत उतरवल्या जात असताना एका रात्री खालची माती अचानक सरकली, संपूर्ण पेटी दोन फूट खाली गेली, खिदिरपूरच्या भूकंपमापकावर त्या धक्क्याची नोंद झाली आणि काठावरचे एक मंदिर पडले. ते नंतर पुन्हा बांधून देण्यात आले.

या प्रसंगांत भोगणाऱ्याच्या पूर्वजन्मीचे कर्म शोधत बसणे म्हणजे करणाऱ्याच्या याच जन्मीच्या कर्माकडे पाठ फिरवणे होय. अकृताभ्यागम हा दोष असेल, तर तो दूर करण्याचे काम विश्वाच्या नियमावर सोपवून मोकळे होता येत नाही; तो दोष भरपाईने, पुनर्बांधणीने, कायद्याने आणि त्याच्या अंमलबजावणीने माणसांनाच दूर करावा लागतो. पश्चिम बंगालमध्ये पाच काठा (काठा हे तिथले जमीन मोजण्याचे एकक) किंवा त्याहून मोठे जलाशय बुजवण्यास अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय कायद्याने मनाई आहे, पूर्व कोलकात्याची १२,५०० हेक्टर पाणथळ २००२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहे, आणि त्या पाणथळीचे महत्त्व जगापुढे मांडण्यात आयुष्य घालवणारे ध्रुवज्योती घोष स्वतः अभियंताच होते. अशा कायद्यांकडे बांधकामातला अडसर म्हणून पाहिले जाते. वास्तविक भूमिपरीक्षेचा जो भाग एकट्या गृहस्थाच्या आवाक्याबाहेरचा आहे तो समाजाने आपल्याकडे घेतला आहे, असे त्यांचे स्वरूप आहे.

दोष निघाल्यावर काय करावे, याविषयी धर्मशास्त्राचे मार्गदर्शन अनपेक्षितपणे नेमके आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीचे जे उपाय सांगितले आहेत त्यांत ख्यापन, म्हणजे केलेले उघड सांगणे, पहिले येते; पश्चात्ताप, तप, अध्ययन आणि अडचणीच्या प्रसंगी दान हे त्यानंतरचे. पायाचा दोष सापडला की नेमकी ही पहिली पायरीच गाळली जाते. तड्यावर गिलावा होतो, रंग लागतो, ग्राहकाला काही कळू दिले जात नाही आणि शेजाऱ्याला तर नाहीच नाही. जानेवारी २०२५ मध्ये कोलकात्यातील बाघाजतीनच्या विद्यासागर कॉलनीत एक चार मजली इमारत, ती आधीच कललेली असल्यामुळे उचलून सरळ करण्याचे काम चालू असताना, एका बाजूला कोसळली आणि तिचा तळमजला चिरडला गेला. रहिवासी आधी बाहेर पडले होते म्हणून जीवितहानी टळली. इमारत उचलण्याचे तंत्र वाईट नाही, पण मातीचे निदान आणि संबंधितांना दिलेली पूर्ण माहिती यांच्याशिवाय केलेली दुरुस्ती ही ख्यापनावाचून केलेल्या दानासारखी होते, आणि धर्मशास्त्र तिला प्रायश्चित्ताचे नाव देणार नाही.

या सर्व विचाराला एका माणसाच्या आयुष्यात आकार मिळालेला दिसतो, आणि त्याचा एक धागा पुण्याशी जुळलेला आहे. १८६८ मध्ये जन्मलेल्या हरिप्रसन्न चट्टोपाध्याय यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्याचे शिक्षण घेतले, संयुक्त प्रांतात जिल्हा अभियंत्याची नोकरी केली, आणि १८९६ मध्ये ती सोडून ते रामकृष्ण परमहंसांच्या शिष्यांच्या आलमबाजार मठात दाखल झाले. पुढे ते स्वामी विज्ञानानंद म्हणून ओळखले गेले. १८९८ मध्ये हुगळीच्या पश्चिम काठावर मठासाठी बेलूरची जागा मिळाली, तेव्हा नावा दुरुस्त करण्यासाठी वापरली जाणारी ती उंचसखल जमीन सपाट करणे, इमारती उभारणे आणि नदीकाठी बंधारा बांधणे ही कामे त्यांच्याकडे आली. याच संन्यासी अभियंत्याने वराहमिहिराच्या बृहज्जातकाचे इंग्रजीत आणि सूर्यसिद्धांताचे बंगालीत भाषांतर केले. मुहूर्ताचे शास्त्र आणि पायाचे शास्त्र ही दोन्ही त्यांना मूळ ग्रंथांतून आणि प्रत्यक्ष कामातून अवगत होती, आणि त्यांपैकी एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे त्यांनी केल्याचे दिसत नाही.

बेलूरच्या श्रीरामकृष्ण मंदिराची कल्पना विवेकानंदांची आणि तिचा पहिला आराखडा विज्ञानानंदांच्या हातचा; पैशाअभावी ते काम विवेकानंदांच्या मृत्यूनंतर तीन दशके रखडले. मंदिराची कोनशिला १३ मार्च १९२९ रोजी, म्हणजे रामकृष्णांच्या जन्मतिथीला, रामकृष्ण संघाचे तत्कालीन अध्यक्ष स्वामी शिवानंद यांच्या हस्ते बसवण्यात आली. प्रत्यक्ष बांधकामाची वेळ आली तेव्हा शिवानंद हयात नव्हते, आणि मंदिराची जागा मूळ ठिकाणापासून सुमारे शंभर फूट दक्षिणेला ठरली. १६ जुलै १९३५ रोजी, गुरुपौर्णिमेला, विज्ञानानंदांनी तीच शिला नव्या जागी पुन्हा बसवली, आणि १४ जानेवारी १९३८ रोजी पूर्ण झालेल्या मंदिराची प्रतिष्ठाही त्यांच्याच हातून झाली. संघाच्या अध्यक्षाने पवित्र दिवशी बसवलेली शिला हलवताना कोणाच्याही श्रद्धेला धक्का लागला नाही, कारण विधी पुन्हा करता येतो ही गोष्ट त्या श्रद्धेतच सामावलेली होती.

खोदाईच्या मध्यावर तळ्याचा गाळ लागलेल्या गृहस्थाला या उदाहरणातून मोकळीक मिळते आणि बंधनही येते. मोकळीक अशी की झालेली पूजा वाया गेली असे मानण्याचे कारण नाही; शल्य सापडले आहे, म्हणजे शल्योद्धाराचा विधी अजून चालू आहे, आणि काम थांबवून, नवी छिद्रे पाडून मातीचा प्रत्येक थर तपासून, गरज पडली तर राफ्टचा, म्हणजे सबंध घराखाली अखंड पसरलेल्या स्लॅबचा, किंवा खोल पाइलचा पर्याय घेऊन, आणि तेही परवडत नसेल तर मजले कमी करून पुढे जाणे हे त्या विधीचेच उरलेले अंग आहे. बंधन असे की हा शोध त्याला स्वतःपुरता ठेवता येत नाही. ज्याच्या भिंतीला लागून खड्डा खणायचा त्या शेजाऱ्याकडे खोदाईआधी जाऊन त्याच्या घरातले जुने तडे दोघांनी मिळून नोंदवणे, त्यांवर काचेच्या पट्ट्या बसवून काम चालू असेपर्यंत त्या तुटतात की काय हे पाहत राहणे, आणि तुटल्याच तर खर्च आपल्याकडे घेणे, एवढे तरी त्याच्याकडून अपेक्षित आहे. भूमीवर पाऊल पडते म्हणून सकाळी उठल्यावर पृथ्वीची क्षमा मागण्याची रीत हिंदू घरांत आहे. शेजाऱ्याची क्षमा मात्र पुरोहिताकरवी मागता येत नाही, तिच्यासाठी घर बांधणाऱ्याला स्वतःच त्याच्या दारी जावे लागते, आणि तेही पाया भरण्यापूर्वी.